सोमवारचा ताप



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत त्या डॉक्टरांची ओळख कोल्हापूरकरांना करून देण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. त्यांचा दवाखाना कामगारवस्तीत होता. फौंड्रीतला किंवा वेल्डिंगच्या शेडमधला माणूस खोकत आला, की नाडीला हात लावण्याआधी ते विचारत, ‘काम काय करतोस?’ आजच्या विषयापुरती मला त्यांची एवढी एकच आठवण हवी आहे. हा प्रश्न वैद्याने विचारलाच पाहिजे, असे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवले होते. तीनशे वर्षांनंतरही बहुतेक केसपेपरवर त्या प्रश्नासाठी ओळ नसते, हा भाग वेगळा.

तर कामापासूनच सुरुवात करू. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर, म्हणजे आपल्या जीआय पत्र्यावर, बंद जागेत वेल्डिंग केले की पांढरा धूर उठतो. तो जस्ताच्या ऑक्साइडचा. पितळ ओततानाही तोच धूर निघतो, कारण वितळलेल्या पितळेतून जस्त आधी उडून जाते. दिवसभर हा धूर छातीत घेतलेला माणूस संध्याकाळी घरी येतो. तोंडाला गोडसर, धातूसारखी चव असते, घसा कोरडा पडलेला असतो. काही तासांनी हुडहुडी भरते, ताप चढतो, अंग मोडून येते. घरच्यांना वाटते, मलेरिया. दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतो आणि माणूस पुन्हा कामावर जातो. बर्मिंगहॅमच्या पितळ ओतणाऱ्या कामगारांत एडवर्ड हेडलॅम ग्रीनहाऊ या डॉक्टरने १८६२ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले.

या तापाची एक खोड आहे. रोज त्याच धुरात उभ्या राहणाऱ्याला तो रोज येत नाही. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचा जोर कमी होतो आणि आठवडा सरत आला की येईनासा होतो. मग एक-दोन दिवसांची सुटी झाली, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून रविवारी सुटी असणाऱ्या देशांतल्या कारखान्यांत त्याला सोमवारचा ताप असे नाव पडले.

आपल्याकडे यावर ठरलेले उत्तर असते, ‘नवा आहे, सवय होईल.’ मुकादम तेच म्हणतो, मालक तेच म्हणतो, आणि चार महिने काढले की कामगारही नव्या पोराला तेच सांगतो. आज मला या सवयीच्या आत शिरायचे आहे. ती खोटी नाही. पेशींच्या आत ती खरोखर घडते, तिच्यामागे जनुके आहेत, प्रथिने आहेत, साठ वर्षांचे संशोधन आहे. पण ती किती काळ टिकते आणि तिच्यासाठी शरीर काय मोजते, हा हिशेब शेडमध्ये कोणी मांडत नाही.

आधी जागा पाहू. माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती हवा नाकातून घशात, तिथून श्वासनलिकेत आणि तिच्या फांद्या-उपफांद्यांतून वायुकोशांपर्यंत जाते. या सगळ्या वाटेला आतून पेशींचे अस्तर असते. त्यातल्या काही पेशींच्या माथ्यावर दोन-तीनशे सूक्ष्म रोम असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि श्लेष्म्याचा पातळ थर घशाकडे वर ढकलत राहतात. काही पेशी तो श्लेष्मा तयार करतात. सगळ्यांच्या तळाशी आधारपेशी असतात, वरच्या मेल्या की त्यांची जागा भरून काढायला. त्वचेला मेलेल्या पेशींचे जाड कवच असते. इथे तसे काही नाही. जिवंत पेशी आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये फक्त ओलावा असतो.

हवेत एखादे रसायन आले तर त्याचा पहिला सामना या ओलाव्याशी होतो, आणि ते पाण्यात किती विरघळते यावर पुढचे बरेचसे ठरते. अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड चटकन विरघळतात, म्हणून ते नाका-घशातच आग लावतात आणि माणूस पळ काढतो. फॉस्जीन, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड हे कमी विरघळणारे. ते वरच्या भागाला फारसा त्रास न देता खोल उतरतात. क्लोरीन या दोघांच्या मधला. तो वरही जाळतो आणि खालीही पोचतो. सुरुवातीला कमी झोंबणारा वायू कमी घातक, हा समज म्हणूनच जिवावर बेतू शकतो.

ही रसायने वेगवेगळ्या वाटांनी येतात, पण पेशीत शिरल्यावर त्यांच्यातली बरीच एकाच ठिकाणी घाव घालतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट प्रकारे दुमडली तरच कामाची. तिच्या काही कड्यांवर गंधकाचा अणू असतो. सिस्टीन ही ती कडी. हा गंधक रासायनिकदृष्ट्या फार उतावळा असतो. सिगारेटच्या आणि लाकडाच्या धुरातले, कढईत तेल जास्त तापले की डोळ्यांना झोंबणारे अ‍ॅक्रोलीन या गंधकालाच चिकटते. क्लोरीन पाण्याशी भिडून हायपोक्लोरस आम्ल तयार करतो आणि ते गंधकाचे ऑक्सिडीकरण करते. फौंड्रीत वाळूचे कोअर पक्के करण्यासाठी जे रेझिन वापरतात त्यांतल्या काहींमध्ये आयसोसायनेट असतात. तेही गंधकावर आणि अमिनो गटावर जाऊन बसतात. भोपाळमध्ये पसरलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. अशा धक्क्याने दुमडलेली साखळी उलगडते आणि तिच्या पोटातले पाण्याला टाळणारे, तेलकट भाग उघडे पडतात. उघडे पडलेले तेलकट भाग एकमेकांना चिकटतात. एका बिघडलेल्या प्रथिनाला दुसरे चिकटते, दुसऱ्याला तिसरे, आणि पेशीत निरुपयोगी गोळे साचू लागतात. पेशी अनेकदा थेट विषाने मरत नाही, या गुंत्याने मरते.

आता थोडी मागची गोष्ट सांगतो. ती श्वासमार्गाबद्दल नाही, एका माशीबद्दल आहे. इटलीत फेरुच्चो रितोस्सा नावाचा तरुण संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. ही गुणसूत्रे एवढी जाड असतात, की जनुक कामाला लागले की त्या जागी फुगवटा आलेला चक्क दिसतो. एकदा एका सहकाऱ्याने त्याच्या इनक्युबेटरचे तापमान वाढवून ठेवले. रितोस्सा पाहतो तो काय, नेहमीचे फुगवटे गायब आणि भलत्याच जागी नवे आलेले. त्याने शोधनिबंध लिहिला. एका प्रतिष्ठित नियतकालिकाने, यात जीवशास्त्रीय महत्त्वाचे काही नाही, असे म्हणून तो परत केला. अखेर १९६२ मध्ये ‘एक्स्पेरिएन्शिया’त तो छापून आला.

विज्ञानाच्या पुस्तकांत ही हकिकत उष्णतेची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला दुसरा अर्धा भाग अधिक मोलाचा वाटतो. रितोस्साने लाळग्रंथींना नुसती उष्णता दिली नाही. डायनायट्रोफिनॉल हे रसायन दिले, अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातले सोडियम सॅलिसिलेट दिले, आणि दोन्ही वेळा तेच फुगवटे उमटले. म्हणजे पेशी तापमान मोजत नव्हती. आपल्या आत काहीतरी बिघडते आहे, याची ती दखल घेत होती, मग बिघडवणारा कोणी का असेना. पुढे १९७४ मध्ये अल्फ्रेड टिसिएर, हर्शेल मिचेल आणि उर्सुला ट्रेसी यांनी कॅलिफोर्नियात दाखवले, की हे फुगवटे येतात तेव्हा पेशी नेहमीची बहुतेक प्रथिने करणे थांबवून मोजकीच काही प्रथिने झपाट्याने तयार करते. तीच हीट शॉक प्रोटीन. नाव उष्णतेचे चिकटले ते चिकटलेच. आर्सेनिक, अल्कोहोल, जड धातू या सगळ्यांनी ती वाढतात, म्हणून मी त्यांना ताण-प्रथिने म्हणेन.

या कहाणीत एक भारतीय धागाही आहे. सुभाष लाखोटिया आणि ए. एस. मुखर्जी यांनी १९७० मध्ये कोलकात्यात बेंझामाइड हे रसायन देऊन फळमाशीत एकच ठरावीक फुगवटा आणून दाखवला. त्या जागेचा पाठपुरावा लाखोटियांनी पुढे कितीतरी दशके वाराणसीत केला. गंमत अशी, की उष्णतेनेही जागे होणारे ते जनुक प्रथिन बनवतच नाही, नुसता लांबलचक आरएनए बनवते. प्रथिन नाही म्हणजे काम नाही, असे मानायच्या काळात एका प्रयोगशाळेने तिथेच खणत राहणे याला चिकाटी लागते.

आता ही प्रथिने करतात काय? सासरी निघालेल्या नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते. तिने स्वतः संसार करायचा नसतो, मुलगी रुळेपर्यंत सोबत राहायचे आणि परत यायचे. एचएसपी-७० हे प्रथिन असेच वागते. नावातला सत्तरचा आकडा त्याच्या वजनाचा, सत्तर किलोडाल्टनचा. नव्याने तयार होणाऱ्या किंवा धक्क्याने उलगडलेल्या साखळीचा उघडा पडलेला तेलकट भाग ते धरते, त्यावर झाकण लावते आणि दुसऱ्या प्रथिनांना चिकटू देत नाही. पेशीचे इंधन असलेला एटीपी खर्चून ते धरते, सोडते, पुन्हा धरते. सोडल्यावर साखळीला नीट दुमडण्याची संधी मिळते. चार-सहा वेळा प्रयत्न करूनही जमले नाही, तर ते प्रथिन मोडीत काढण्यासाठी पाठवले जाते. एचएसपी-२७ आकाराने लहान. ते एटीपी न वापरता बिघडलेल्या साखळ्या धरून ठेवते आणि पेशीचा सांगाडा असलेल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना आधार देते. श्वासमार्गात याला महत्त्व आहे, कारण सांगाडा ढासळला की शेजारच्या पेशींमधले सांधे सुटतात आणि अस्तराला भोके पडतात.

या सगळ्याला हुकूम कोण देते? एचएसएफ-१ नावाचा एक नियंत्रक. एरवी पाठराखीण प्रथिनेच त्याला धरून निष्क्रिय ठेवतात. पेशीत बिघडलेली प्रथिने वाढली की पाठराखीण प्रथिने सगळी तिकडे धावतात आणि एचएसएफ-१ मोकळा होतो. असे तीन एचएसएफ-१ एकत्र येऊन एक त्रिकूट बनते आणि ते डीएनएवर ठरलेल्या जागी बसून ताण-प्रथिनांची जनुके जागी करते. पुरेशी प्रथिने झाली की ती पुन्हा त्यालाच धरून गप्प बसवतात. पेशीला विषाचे नाव कळण्याची गरजच पडत नाही. आपले किती हात गुंतले आहेत, एवढ्यावरून तिला संकटाचा आकार समजतो. इतकी साधी आणि इतकी चोख व्यवस्था मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आणि ही तयारी किती आधीपासून असते पाहा. जॉन लिस यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीत दाखवले, की एचएसपी-७० च्या जनुकावर नक्कल करणारे एन्झाइम आधीच बसलेले असते. थोडासा आरएनए करून ते थांबलेले असते, हुकुमाची वाट पाहत. शिवाय आपल्या बहुतेक जनुकांच्या नकलेतून मधले तुकडे कापून टाकावे लागतात आणि तीव्र ताणाच्या वेळी हे कापकाम बंद पडते. एचएसपी-७० च्या मुख्य जनुकात असे मधले तुकडेच नाहीत. कारखाना बंद पडला तरी या एका मालाचे उत्पादन चालू राहते.

रासायनिक हल्ल्यासाठी दुसरीही एक फळी आहे. कीप-१ नावाच्या प्रथिनावर उतावळ्या गंधकाच्या अनेक कड्या असतात. एरवी ते एनआरएफ-२ या नियंत्रकाला पकडून सतत मोडीत काढत असते. अ‍ॅक्रोलीनसारखे काही त्या गंधकाला चिकटले की पकड बिघडते, एनआरएफ-२ साठतो, केंद्रकात जातो आणि ग्लुटाथायोन बनवणाऱ्या व विषे निकामी करणाऱ्या एन्झाइमांची जनुके चालू करतो. मासायुकी यामामोटो यांच्या जपानी गटाने हे कीप-१ शोधून १९९९ मध्ये मांडले. त्याच्या हुकुमाने वाढणाऱ्यांपैकी एक हीम ऑक्सिजनेज-१. हे ३२ किलोडाल्टनचे ताण-प्रथिनच आहे. ते रक्तरंगातल्या हीमचे तुकडे करते. मुका मार लागलेली जागा काही दिवसांनी हिरवट दिसते, तो हिरवा रंग याच कामातून निघालेल्या बिलिव्हर्डिनचा.

क्लोरीनचा विषय निघालाच आहे तर एका जीवाणूची गोष्ट टाळवत नाही. उर्सुला याकोब यांनी ई. कोलाय जीवाणूत एचएसपी-३३ हे प्रथिन शोधले. नीट दुमडलेले असताना ते काहीच करत नाही. त्याच्या चार सिस्टीननी जस्ताचा एक अणू धरून ठेवलेला असतो. ब्लीचमधले हायपोक्लोरस आम्ल लागले की जस्त सुटते, प्रथिनाचा काही भाग स्वतःच उलगडतो, आणि त्या उलगडलेल्या अवस्थेत ते इतर बिघडलेल्या प्रथिनांना धरू लागते. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घावाने बाकीची प्रथिने कामातून जातात, त्याच घावाने हे कामाला लागते. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी हेच आम्ल स्वतः बनवतात, त्यामुळे जीवाणूला त्याची तयारी ठेवणे भागच असणार.

पण परीक्षानळीत पेशी वाचणे आणि छातीत फुप्फुस वाचणे यांत अंतर आहे. ते अंतर काही प्रयोगांनी कापले. हेसुस व्हियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उंदरांना आधी थोडा वेळ उष्णता देऊन ताण-प्रथिने वाढू दिली आणि मग श्वासनलिकेत फुप्फुसाला इजा करणारे एन्झाइम सोडले. आधी तापवलेले उंदीर जास्त वाचले. यात एक शंका उरते. उष्णतेने शरीरात शंभर गोष्टी बदलतात, मग श्रेय ताण-प्रथिनांनाच का द्यायचे? ते उत्तर २००२ मध्ये योराम वाइस यांच्या गटाने मिळवले. त्यांनी उष्णता दिलीच नाही. एचएसपी-७० चे जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर चढवून श्वासनलिकेतून उंदरांच्या फुप्फुसांत पोचवले आणि मग पोटातल्या संसर्गाने फुप्फुसाची इजा घडवली. सूज आणि मृत्यू दोन्ही घटले. त्याआधी, १९९९ मध्ये, ऑगस्टिन चोई यांच्या गटाने हीम ऑक्सिजनेज-१ चे जनुक अशाच पद्धतीने देऊन शुद्ध ऑक्सिजनच्या माऱ्यापासून उंदरांची फुप्फुसे राखली. उलट बाजूने पुरावा २००४ चा. ज्या उंदरांत एनआरएफ-२ नव्हताच, त्यांना सहा महिने सिगारेटचा धूर दिल्यावर वायुकोश फाटण्याचा आजार लवकर आणि तीव्र झाला. तिरुमलै रंगसामी आणि श्याम बिस्वाल यांचे हे काम. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होत जाण्याचा आजार, झालेल्या माणसांच्या फुप्फुसांत एनआरएफ-२ कमी पडलेला असतो, हेही पुढे बिस्वाल यांच्या गटाने दाखवले.

मुंबई असो, पुणे असो की कोल्हापूर, सीओपीडी हा फक्त विडी-सिगारेटचा आजार आहे असे आपण मानतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठळकपणे मांडले, की कधीही धूम्रपान न केलेल्यांतही तो मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्यात चुलीच्या धुराचा व कामाच्या ठिकाणच्या धूर-धुळीचा वाटा मोठा आहे. चुलीपुढे बसलेल्या आजीच्या छातीतही अ‍ॅक्रोलीनच जात होते, आणि तिच्या कीप-१ वरचे गंधक तेच काम करत होते.

आता पुन्हा सवयीकडे येतो. सोमवारच्या तापात शरीर जस्ताला काही प्रमाणात खरोखर सरावते. जस्ताचा धूर दिलेल्या प्राण्यांच्या फुप्फुसांत मेटॅलोथायोनीन वाढते. हे प्रथिन १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडले. त्याच्या कड्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश सिस्टीनच्या, म्हणून ते धातूला घट्ट बांधून ठेवते. पण माल रोज लागत नसेल तर पेशी तो बनवणे थांबवते. दोन दिवसांच्या सुटीनंतर ताप का परततो, याचे हे मोठे कारण असावे असे मला वाटते.

सरावाचा सर्वांत बोलका प्रयोग मात्र ओझोनचा आहे. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेत राहणारे लोक ओझोन हुंगल्यावर बाहेरून आलेल्यांपेक्षा कमी खोकतात, असे जॅक हॅकनी यांनी १९७० च्या दशकात पाहिले. स्वयंसेवकांना लागोपाठ काही दिवस ओझोन दिला, तर दुसऱ्या दिवशी श्वास सर्वाधिक आखडतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तक्रार जवळजवळ राहत नाही. सवय झाली, असे कोणीही म्हणेल. मग १९९७ मध्ये रॉबर्ट डेव्हलिन यांच्या अमेरिकी गटाने पाच दिवस ओझोन दिलेल्या स्वयंसेवकांच्या फुप्फुसांत नळी घालून आतली धुवण काढली. दाहाच्या बऱ्याच खुणा खरोखर उतरल्या होत्या. पण पेशी फुटल्यावरच बाहेर सांडणारे एक एन्झाइम पाचव्या दिवशीही चढेच होते. माणसाचा खोकला थांबला होता. आत पेशी फुटतच होत्या.

या एका निरीक्षणावर माझे सारे म्हणणे टेकलेले आहे. खोकला, जळजळ, छाती आवळणे या तक्रारी मज्जातंतूंच्या आणि दाहाच्या असतात, आणि ताण-प्रथिनांचा एक परिणाम दाह दाबण्याचा आहे. हेक्टर वाँग यांनी फुप्फुसाच्या पेशींत हेच दाखवले, की उष्णतेचा ताण दिल्यावर दाहाची मुख्य कळ असलेला एनएफ-कप्पा-बी थंडावतो. प्रकृतीसाठी हे चांगलेच. पण त्यामुळे तक्रारीवरून नुकसान मोजणे धोक्याचे होते. ‘आमच्या शेडमध्ये कोणी तक्रार करत नाही’ हे वाक्य मी खूपदा ऐकले आहे, आणि दर वेळी मला त्या एन्झाइमाची आठवण होते.

शिवाय या संरक्षणाला वेळ लागतो. जनुक काही मिनिटांत जागे होते, पण प्रथिन पुरेसे साठायला तास लागतात, आणि टिकते ते एक-दोन दिवस. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. ३९ अंशांना उकळणारे ते द्रव्य वाफ होऊन झोपलेल्या वस्त्यांवर पसरले. त्या पेशींना तास मिळाले नाहीत. प्रथिने बनवणारी यंत्रणाच प्रथिनांची असते, आणि मोठ्या मात्रेत ती सुद्धा सर्वांबरोबर उलगडते. १४ जुलै २०१० ला मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे बेवारस पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना इस्पितळात न्यावे लागले. क्लोरीनशी ज्यांची कधी गाठ पडली नव्हती, त्या पेशींना तयारीची संधी कुठून असणार? वयाबरोबर एचएसएफ-१ चा प्रतिसादही मंदावतो, म्हणजे सर्वांत जास्त वर्षे धुरात काढलेल्याकडे हा आधार सर्वांत कमी उरतो.

मग ही प्रथिने औषधाने वाढवता येणार नाहीत का? हा प्रश्न येतोच. जपानमध्ये १९८४ पासून पोटाच्या अल्सरसाठी वापरात असलेले टेप्रेनोन एचएसपी-७० वाढवते, आणि ज्या उंदरांत हे प्रथिन मुळात जास्त आहे त्यांच्या फुप्फुसांवर ब्लिओमायसिन या कर्करोगावरच्या औषधाचे व्रण कमी उमटतात. ब्रोकोलीतले सल्फोराफेन एनआरएफ-२ ला जागे करते. चीनच्या चीदोंग भागात २९१ लोकांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचे पेय दिले, तेव्हा लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या बेन्झीनच्या निकामी केलेल्या रूपात ६१ टक्के आणि अ‍ॅक्रोलीनच्या रूपात २३ टक्के वाढ झाली. हे २०१४ चे. वर्तमानपत्रांना एवढे पुरते. पण २०१६ मध्ये सीओपीडीच्या ८९ रुग्णांना चार आठवडे सल्फोराफेन देऊन पाहिले, तर फुप्फुसांत एनआरएफ-२ च्या कामात काहीच फरक पडला नाही. निरोगी माणसाची यंत्रणा हलवता येते, थकलेली हलत नाही, असा मी याचा अर्थ लावतो. आणि ही प्रथिने एकनिष्ठ नाहीत. कर्कपेशीही त्यांच्याच आधाराने केमोथेरपी सोसतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात तर त्यांची शिस्तच नडते. बहुतेक रुग्णांत सीएफटीआर प्रथिनातली ५०८ वी कडी गळालेली असते. ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पोचले असते तर थोडेफार काम देऊ शकले असते, पण तपासणीत ते मोडीत काढले जाते आणि श्वासमार्गातला श्लेष्मा घट्ट होतो.

आपल्या भागात गुळाचा मुद्दा काढल्याशिवाय व्याख्यान संपवता येणार नाही. धुळीच्या कारखान्यांत कामगारांना गूळ देण्याची प्रथा आहे, आणि कोल्हापुरात गूळ आणि फौंड्री दोन्ही आहेत. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान केंद्रातले साहू आणि सक्सेना यांनी १९९४ मध्ये उंदरांवर हा प्रयोग केला. गूळ दिलेल्या उंदरांत कोळशाचे कण फुप्फुसातून लसिकाग्रंथींकडे जास्त सरकले. प्रयोग चांगला होता. पण तो धुळीच्या कणांवरचा होता, आयसोसायनेटच्या वाफेवरचा नव्हता, आणि गुळाचा खडा धूर ओढून नेणाऱ्या पंख्याचे काम करत नाही. पंख्याला वीज लागते, गूळ स्वस्त पडतो, ही खरी अडचण.

शेवटी चांदीकाम करणाऱ्या हुपरीच्या मंडळींसाठी थोडे. चांदी शुद्ध करताना ती तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळवतात तेव्हा तांबूस धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. खोल उतरणाऱ्यांपैकी. जास्त श्वासात गेला तर थोडा खोकला येतो, मोकळ्या हवेत गेले की थांबतो, माणूस चहा घेऊन घरी जातो. त्यानंतरच्या काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशीही, फुप्फुसात पाणी उतरते. मधल्या काळात त्याच्या पेशी मी सांगितलेले सगळे करत असतात. एचएसएफ-१ मोकळा होतो, एचएसपी-७० वाढते, हीम ऑक्सिजनेज वाढते, आणि पुरेसे पडले तर माणूस वाचतो. पडेल की नाही, हे त्या वेळी बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून बरे वाटत असले तरी त्याला दिवस-रात्र इस्पितळात देखरेखीखाली ठेवावे लागते. त्यातून सुटलेल्यालाही दोन ते सहा आठवड्यांनी बारीक श्वासनलिका बुजण्याचा आजार होऊ शकतो, त्यामुळे महिनाभराने पुन्हा छाती तपासून घ्यावी. आणि इस्पितळात नेताना डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, की हा तेजाबाच्या भांड्याशी उभा होता.